अकरा ओळींवर चार सह्या

वांदरलेई : त्यात वाचायचं काय, दोना झुलेइका? कोडाच्या अकरा ओळी तर आहेत! चौघांच्या सह्या झाल्यात. पाचवी तुमची झाली की गंगेत घोडं न्हालं.

झुलेइका : मथळा काय दिलाय बघ, 'मेमरी-तपासणीत सुधारणा'. आणि आत सुधारणा काय, तर सलाईन-पंपाच्या गजराचा जो कोड आहे, तिकडे तपासनीस प्रोग्रॅमनं ढुंकूनही बघायचं नाही!

वांदरलेई : कारण बघितलं की तो बोंब मारतो. कालच्या चाचणीत दोनशे बारा वेळा मारली. आज शून्य.

झुलेइका : कुत्रा भुंकतो म्हणून त्याच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि गावभर सांगायचं, चोऱ्या थांबल्या!

वांदरलेई : तुम्ही फार खोलात जाता. गुरुवारी परवाना खात्याची माणसं येतायत. शनिवारी साओ पाउलोहून डायरेक्टरसाहेब. मांस भाजायचा बेत ठरलाय, 'शून्य चुका' लिहिलेले टी-शर्टसुद्धा छापून आलेत.

झुलेइका : या चौघांनी वाचलं हे?

वांदरलेई : सह्या आहेत ना.

झुलेइका : सह्या आहेत. वेळा बघ : दोन चौदा, दोन चौदा, दोन चौदा, दोन पंधरा. यातली लुसिमारा त्या वेळी दातांच्या डॉक्टरकडे आ वासून पडलेली होती.

वांदरलेई : तरी मोबाइलवरून केली! याला म्हणतात निष्ठा.

झुलेइका : बरं, ही बोंब कशाबद्दल आहे, तेवढं सांग.

वांदरलेई : मेमरीबद्दल.

झुलेइका : म्हणजे पूर कशाबद्दल, तर पाण्याबद्दल. अरे, पंपाला रुग्ण जोडला की कर्नेल, म्हणजे पंपाचा मूळ प्रोग्रॅम, त्याच्या नावानं मेमरीत एक खोली घेतं. रुग्ण सुटला की खोली परत. पण हा गजर थांबतच नाही. किल्ली परत दिल्यावरही त्या खोलीत शिरतो आणि आपली नोंद खरडून येतो. तोवर तिथं पुढच्या रुग्णाच्या डोसचा आकडा येऊन बसलेला असतो.

वांदरलेई : लाखात एखाद्या वेळी होत असेल.

झुलेइका : गजराचं घड्याळ सेकंदाला शंभर ठोके देतं. लाख व्हायला किती लागतात? सतरा मिनिटं.

वांदरलेई : असे आकडे मांडले तर काहीही वाईटच दिसणार. थांबा, ज्यानं लिहिलंय त्यालाच बोलावतो. ओताव्यू! ये रे इकडे. बाईंना समजावून सांग.

(ओताव्यू येतो. हातात उकडलेल्या पिन्याँवची, म्हणजे पाइनच्या बियांची, वाटी. ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नाही.)

झुलेइका : ठेव इथे, त्या कागदांवर. त्यांची तेवढीच लायकी आहे. ओताव्यू, अठरा वर्षं कर्नेलमध्ये काम करतोस तू. हे असलं लिहिताना लाज नाही वाटली?

ओताव्यू : वाटली.

झुलेइका : मग? गजर आधी थांबवायचा आणि मग खोली सोडायची. तीन ओळींचं काम! ते का नाही केलंस?

ओताव्यू : केलं होतं.

झुलेइका : कधी?

ओताव्यू : मार्चमध्ये. तीनदा पाठवलं. तीनदा परत आलं.

झुलेइका : कोण गाढव होतं ते परत पाठवणारं?

ओताव्यू : जाऊ दे, दोना झुलेइका.

झुलेइका : जाऊ दे काय? नाव सांग.

ओताव्यू : पहिल्यांदा तुम्ही लिहिलंत, मथळ्याची ओळ लांब आहे. दुसऱ्यांदा, स्वल्पविराम चुकलाय. तिसऱ्यांदा... 'वाक्यरचना ओबडधोबड. नीट लिहून मग पाठवावे.' मग मी नाही पाठवलं.

वांदरलेई : हे बघा! म्हणजे मी तर यातून सुटलोच.

झुलेइका : तू गप्प बस. ओताव्यू, मी मथळ्याखालचा कोड...

ओताव्यू : कोडाबद्दल तुम्ही कधीच काही लिहिलं नव्हतं.

झुलेइका : मला वाटायचं, स्वल्पविराम पकडला म्हणजे सगळं तपासलं. काढ तो मार्चचा कोड. आत्ताच्या आत्ता.

ओताव्यू : मथळा लांबच आहे अजून.

झुलेइका : मैलभर असू दे. लाव, आणि त्या तपासनिसाच्या तोंडावरचं फडकं काढ. चाचणी माझ्यासमोर चालव.

वांदरलेई : आणि परत ओरडला तर?

झुलेइका : तर आपण ऐकू. ओताव्यू, किती वेळ लागेल?

ओताव्यू : वीस मिनिटं. पण दोना झुलेइका, नवा कोड नव्या पंपांत जाईल. एप्रिलमध्ये पोंता ग्रोसाच्या हॉस्पिटलात जे चाळीस पंप गेले...

झुलेइका : त्यांत जुनाच आहे.

ओताव्यू : हो. आणि तिथे ओरडायला कोणी नाही. तपासनीस फक्त आपल्या चाचणीत चालतो. पंपात ठेवला तर पंप मंदावतो.

वांदरलेई : हे बघा, घाई नको. गुरुवार होऊ दे. नंतर एक छानसं पत्रक काढू, 'अधिक चांगल्या अनुभवासाठी'...

झुलेइका : गुरुवारपर्यंत तिथे किती रुग्ण बदलतील, वांदरलेई?

वांदरलेई : तुमची नोकरी जाईल. माझीही जाईल!

झुलेइका : जाईल बहुतेक. ओताव्यू, तिथल्या वॉर्डचा नंबर लाव.

ओताव्यू : वाजतोय. घ्या.

झुलेइका : नमस्कार, सिस्टर. मी कुरितिबाहून बोलतेय, तुमच्या सलाईन-पंपांच्या कंपनीतून. नाही, विकायचं काही नाही. लिहून घ्या : एक रुग्ण काढला की पंप पूर्ण बंद करायचा, परत चालू करायचा, आणि मगच दुसऱ्याला लावायचा. हो, प्रत्येक वेळी. चाळीसच्या चाळीस. उद्या आमचा माणूस येऊन दुरुस्त करेल... माझं नाव? झुलेइका. हो, कागदावर 'तपासले' म्हणून जे नाव आहे, ते माझंच... नाही, सिस्टर. तेव्हा वाचलं नव्हतं.