सगळ्यात उजळ चित्रं

सर : सूक्ष्मदर्शकाचा लेझर किती ठेवायचा, तेवढं सांग. पाहुणे जिन्यात आहेत.

ती : तुमच्या शोधनिबंधात छापलाय की आकडा.

सर : खात्री करून घेतोय.

ती : स्वतःच्याच आकड्याची?

सर : टोमणे नंतर मार. तू रजेवर, मी काय काम बंद ठेवायचं?

ती : बाळंतपणाला गेले होते, सर, मेले नव्हते. माझी पेशींची चित्रं उचलून छापलीत, निदान माझं नाव तरी ठेवायचंत.

सर : तूच म्हणालीस, बाळ झोपू देत नाही, डोकं चालत नाही.

ती : मन मोकळं केलं होतं. हक्क सोडला नव्हता. अजूनही वेळ आहे, एक वाक्य बोला पाहुण्यांसमोर, की या मूळपेशी मी वाढवल्या, चित्रं मी घेतली. लगेच लेझर लावून देते.

सर : धमकी देतेस मला? सरक. छापलाय तोच लावतो. आणि तुला पाळणाघर गाठायचं नाही का? एरवी घड्याळाकडे डोळे लावून असतेस.

ती : थांबेन आज.

सर : हे बघ. पडद्यावर पेशी कसल्या लखलखताहेत. उगाच बाऊ करत होतीस.

(दार उघडतं. पाहुण्या बाई आणि त्यांच्या मागून चौघे आत येतात.)

पाहुण्या : वा. या जिवंत आहेत? आणि एकीच्या दोन होताना दिसणार?

सर : बघत राहा. होईलच आता.

पाहुण्या : कडा आकसल्यासारख्या वाटताहेत. की मलाच तसं दिसतंय?

सर : (हळूच) ए, काय होतंय हे?

ती : भाजल्या. उजेड झगझगीत केला की चित्र देखणं येतं आणि पेशी मरते. म्हणून मी अंधुक चित्रांवर भागवायचे. तुम्ही उचललीत ती सगळ्यात उजळ, म्हणजे माझी फसलेली.

सर : आधी बोलता येत नव्हतं?

ती : विचारलंत तेव्हा किंमत सांगितली होती. पेशींची ही बशी जाऊ देताना माझाही जीव तुटलाय.

पाहुण्या : काही अडचण आहे का?

सर : छे. दुसरी बशी असेल ना गं?

ती : आहे, बाई. उबेच्या कपाटात, धडधाकट. कोणी वाढवलीय ते आधी सर सांगतील.

सर : हे बघ, नंतर बोलू आपण.

ती : सावकाश सांगा, सर. बाळ आज आजीकडे आहे.