मालनच्या हातची होडी

(बोरिवलीचा खाडीकाठ. चिखलात उभ्या नव्या लाकडी होडीच्या बुडाला भरतीचं पाणी लागलंय.)

भाऊ : वहिनी, समजून घ्या ना जरा. काशीरामच्या हातची असती तर कालच नेली असती. पण पलीकडच्या पाड्यावरची माणसं बोलतायत, बाईनं केलेल्या होडीत पाय नाय टाकायचा.

मालन : मग जा उडत! जुनी होडी फुटल्यापासून चार महिने ढोपरभर चिखलातून येताय-जाताय, तरी मिजास बघा मेल्यांची!

कुंदा : मी तेच बोलले ह्यांना. आमच्या रुचिराला आठवा लागलाय. कळा सुरू झाल्या तर सुनेला काय खांद्यावर घालून आणणार?

भाऊ : कुंदा, तू गप गं. वहिनी, राग नका मानू. काशीराम गेला, होडी अर्धी राहिली, तुम्ही पुरी केलीत, कबूल. पण त्याचा हात तो त्याचा हात. जुनीला बार्जची धडक बसली म्हणून, नायतर नऊ वर्षांत थेंब आत आला नाय.

मालन : कुठला हात? दहा वर्षं त्या हाताला कंप होता. कपबशी धरवत नव्हती त्याला.

भाऊ : काय बोलताय!

मालन : खरं तेच. तो बसून सांगायचा, मी ठोकायची. तू आलास की तो हातोडा मांडीवर घ्यायचा आणि मी चहा टाकायला आत पळायची. फटीफटीत कापूस भरला तो मी. वरून राळ चोपडली ती मी. सून नवरी होऊन आली, तुझी आई दवाखान्यात गेली, सगळं माझ्या होडीतून. बुडलात?

भाऊ : आईशप्पथ... बरं, मग असं करू. नेतो मी होडी. काशीराम जाण्याआधीच पुरी करून गेला, असं सांगतो सगळ्यांना.

मालन : अजिबात नाय! त्याच्यासाठी गप बसले, तो माझा घोव होता. तुमच्यासाठी का बसू? मालननं केली म्हणून सांगायचं. नायतर ऱ्हवांदे हयच पडून, कोंबड्या पाळीन तिच्यात.

भाऊ : हट्ट सोडा वहिनी, कोणी ऐकणार नाय... ए कुंदा! कुठं चढतेस? उतर आधी!

कुंदा : बसले मी. तुम्हाला यायचं तर या, नायतर ओहोटी लागली की या चिखलातून. कोणी केली ते पाड्यावर मीच सांगते. मालनताई, वल्हं कुठं ठेवलंस गं?