ही काय शाळा झाली?

...म्हणजे रोज संध्याकाळी पोरीला नळाखाली धरायचं, कानात माती, खिशात माती, मोज्यात तर अख्खी बाग, आणि आज काय शिकलीस विचारावं तर मूठ उघडून गोगलगाय दाखवते! तुम्हीच सांगा, ही काय शाळा झाली?

तुम्हाला सांगतो, बालवाडी म्हटलं की फळा नको? बाकडी नकोत? इथे मागे नुसतं मोठं अंगण, ओंडके, गवत, एक डबकं, आणि सगळी पोरं त्या डबक्यात. मी बाईंना विचारलं, "अहो, अक्षरं कधी?" तर त्या शांतपणे, "येतील हो, आधी हात तर माखू देत." हात? पोरगी मानेपर्यंत माखलीये... ही काय शाळा झाली?

आता खरं दुखणं सांगतो. आमची चिऊ घरात अखंड बडबडते, पण उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. आधीच्या शाळेत वर्षभर अवाक्षर नाही, तहान लागली तरी सांगायची नाही. डॉक्टर म्हणाले, "बोलेल, घाई करू नका." घाई कोण करतंय, पण हिची आई भांडी घासता घासता डोळे पुसायची, ते काय मला दिसत नव्हतं? आणि या नव्या शाळेतही तेच. शेवटी मागच्या महिन्यात रजा टाकली आणि गेलो नाव काढायला. बाई म्हणाल्या, "काढा, पण आधी जरा त्या खिडकीशी उभे राहा." राहिलो, धुसफुसत.

चिऊ मातीत पालथी, नाकासमोर गांडूळ. एक दांडगा पोरगा धावत आला, त्यानं पाय उचलला, आणि आमची चिऊ ओरडली, "थांब, ते घरी चाललंय!"

पोरगा थांबला. मी गजाला नाक लावलं.

"कुठंय त्याचं घर?" त्यानं विचारलं, आणि ही लागली की सांगायला, त्याला दार नसतं, ते खणत खणत आत जातं, त्याला ऊन आवडत नाही... पोरं भोवती जमली, ही हात नाचवून बोलतेय, आणि ही काय शाळा झाली म्हणणारा मी खिडकीचा गज धरून नाक ओढतोय. हिच्या आईला फोन केला, सगळं सांगितलं. तर ती हळूच म्हणाली, "पुन्हा सांगा ना."

नाव अर्थातच काढलं नाही. आता चिऊ सगळ्यांशी बोलते. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंना सांगून आली, "तुम्ही बेल वाजवली ना, की बाबा दिवे बंद करून गप्प बसायला सांगतात." तेव्हापासून काकू आमच्याशी बोलत नाहीत... असो, घरातली एक तरी बाहेर बोलतेय.