तेरा मार्चची ओळ

वीत्स्का: वस्तू काय लिहू?

वियार्डा: संडासातली फ्रेम.

वीत्स्का: मेनेर वियार्डा, हा फॉर्म नगरपालिकेत जातो. आमच्या या दुरुस्ती कॅफेत महिन्याला किती वस्तू दुरुस्त होऊन कचऱ्यापासून वाचल्या ते मोजतात तिथे.

वियार्डा: मग "स्वच्छतागृहातली" लिही. वाढदिवसांचं कॅलेंडर आहे ते. संडासात नाही लावायचं तर कुठे लावायचं? रोज निवांत बसून वाचायला माणसाला दुसरी जागा आहे का?

वीत्स्का: आमच्याकडे अजून कागदीच आहे. गाईंच्या चित्रांचं. फेब्रुवारीतली गाय माझ्या आत्यासारखी दिसते, पण आत्या जुलैतली.

वियार्डा: आमचंही कागदी होतं. मग मुलानं ही फ्रेम करून दिली. आतल्या मेमरी कार्डात यादी असते, नाव आणि जन्मतारीख. आत जाऊन दिवा लावला की फ्रेम सांगते, आज अमक्याचा वाढदिवस, इतक्या वर्षांचा झाला. वय तिचं ती मोजते.

वीत्स्का: छान की. मग बिघडलं काय?

वियार्डा: फ्रेम ठणठणीत आहे. हे मेमरी कार्ड हट्टाला पेटलंय. एक ओळ काढायची आहे. घरी संगणकात घातलं, ओळ पुसली, सेव्ह करायला गेलो तर म्हणतं, या कार्डावर लिहिता येणार नाही. अरे, मी कुठे लिहितोय? मी पुसतोय.

वीत्स्का: कार्डाच्या लेखी दोन्ही एकच. वाचा म्हणतं, कितीही वेळा वाचा. हात लावायचा नाही.

वियार्डा: चाळीस वर्षं कालव्यावरचा पूल जहाजांसाठी उघडला आणि मिटला मी. एवढी जहाजं गेली. एवढ्याशा तुकड्यानं मला कधी अडवलं नव्हतं.

हार्म (शेजारच्या टेबलावरून): वीत्स्का, तुझ्याकडे बारका स्क्रूड्रायव्हर आहे का? या बाईंचा टोस्टर पाव छतापर्यंत फेकतो.

वीत्स्का: आणि त्यांना काय हवंय?

हार्म: थोडं खाली.

वीत्स्का: घे. मेनेर वियार्डा, ओळ कुठली म्हणालात?

वियार्डा: तेरा मार्च. येत्या गुरुवारची. त्याच्या आत व्हायला हवं.

वीत्स्का: नाव?

वियार्डा: येल्मर.

वीत्स्का: येल्मर कोण?

वियार्डा: फ्रेम करून देणारा.

वीत्स्का: तुमचा मुलगा? मग त्यालाच सांगायचं की. त्याचं दोन मिनिटांचं काम.

वियार्डा: त्याला सांगता आलं असतं, पोरी, तर मी तासभर टोस्टरांच्या रांगेत बसलो असतो का?

वीत्स्का: ...माफ करा.

वियार्डा: तुला काय माहीत. तीन वर्षं होतील नोव्हेंबरात. धुकं होतं, तो सायकलवर होता आणि ट्रकवाल्याला तो दिसला नाही. बस, एवढंच.

वीत्स्का: कॉफी आणू?

वियार्डा: दोन झाल्या. तुमची कॉफी म्हणजे गरम केलेला कालवा. तू काम कर. त्यानं सगळं नीट बांधलं होतं बघ, फक्त मरणाची सोय ठेवली नव्हती. मी विचारलं होतं, माणूस गेला तर? म्हणाला, बाबा, ओळ काढून टाकायची. मग माझी आई गेली, मी काढली. शेजारचा विम गेला, त्याची काढली. घरात ते काम माझ्याकडेच. फक्त ही ओळ राहिली. आणि तो दर वर्षी एकेक वर्षानं वाढतोय. सव्वीसचा होता. गुरुवारी एकोणतीसचा होईल.

वीत्स्का: आणि घरी? म्हणजे, तुमच्या मिसेस?

वियार्डा: बाउक्या? आम्ही बोलत नाही त्यावर. भांडण नाही, काही नाही. बोलत नाही एवढंच. पहिल्या वर्षी त्या दिवशी मी फ्रेमचा प्लग काढून ठेवला. म्हणालो, फ्यूज गेला. ती म्हणाली, बरं. गेल्या वर्षी नेमका त्या दिवशी नळवाला आला.

वीत्स्का: नळवाला?

वियार्डा: टाकी गळत होती. कामाच्या गडबडीत प्लग राहिला माझ्याकडून. तो आतून बाहेर आला, हात पुसले आणि माझा हात धरून हलवायला लागला. "अभिनंदन, मेनेर, मुलाचा वाढदिवस!" मग तिच्याकडे वळला. "तुमचंही अभिनंदन! अठ्ठावीस म्हणजे मोठाच झाला की."

वीत्स्का: अरे देवा.

वियार्डा: आणि बाउक्या म्हणते, "आभारी आहे. कॉफी घेणार ना?" बसवलं त्याला. सफरचंदाचा केक काढला. केक होता घरात! कधी केला, कुणासाठी केला, मला पत्ता नाही. नळवाला विचारतोय, मुलगा कुठे असतो? ती म्हणते, सायकलवर असतो सतत. आणि हसली. दिवसभर गुणगुणत होती घरात.

वीत्स्का: तुम्ही काय केलंत?

वियार्डा: टाकी पाहिली. अजून गळतेच.

वीत्स्का: मेनेर वियार्डा, त्यांना बरं वाटलं म्हणताय. मग ओळ का काढायची?

वियार्डा: कारण मला बरं वाटत नाही. संडासात जाऊन दिवा लावायचा, आणि तिथं तो. वाढलेला. मी त्याला सव्वीसचा ओळखतो. एकोणतीसचा माणूस कोण आहे, मला ठाऊक नाही.

(वीत्स्का कार्ड उजेडात धरून भिंगातून पाहते. शेजारी टोस्टर फाडकन वाजतो. कुणी वर बघत नाही.)

वीत्स्का: कार्ड बिघडलेलं नाही.

वियार्डा: मग?

वीत्स्का: कडेला ही बारीक दांडी दिसते? ती खाली ओढली की कार्डाला कुलूप लागतं. वर सरकवली की उघडतं. नखानं होतं एरवी. पण ही हलत नाहीये, कारण कुणीतरी हिच्यावर नेलपॉलिश लावलंय. दोन हात, अगदी नीट. वांगी रंगाचं.

वियार्डा: दाखव.

वीत्स्का: ओळखीचं आहे?

वियार्डा: येल्मरच्या पदवीदानाला आणलं होतं तिनं. पण बाउक्याला यातलं काय कळतंय? टीव्हीचा रिमोट उलटा धरते ती. मंगळवारी ग्रंथालयात विणकामाला जाते तेवढंच काय ते तिचं शिक्षण.

वीत्स्का: मंगळवारी?

वियार्डा: दोन वर्षं झाली. एक मोजाही पाहिला नाही म्हणा मी अजून.

वीत्स्का: मंगळवारी ग्रंथालयात विणकाम नसतं. ज्येष्ठांचा संगणकवर्ग असतो. हार्मच घेतो तो.

हार्म: बाउक्या वियार्डा? पहिल्या बाकावर बसतात. फार प्रश्न विचारतात.

वियार्डा: कसले प्रश्न?

हार्म: लिहिलेलं कुणाला पुसता येऊ नये म्हणून काय करायचं, असले. मला वाटलं, पाककृती असतील.



वीत्स्का: हे नेलपॉलिश रिमूव्हर लावलेल्या कापसाच्या बोळ्यानं निघेल. एक मिनिट लागेल. काढू का?

वियार्डा: काढ. त्यासाठीच आलोय मी.

वीत्स्का: नक्की?

वियार्डा: काढ म्हणतो ना.

वीत्स्का: निघालं. दांडी वर केली. आता लॅपटॉपमध्ये घालते. उघडली फाइल. जानेवारी, फेब्रुवारी... ही तेरा मार्च. आता पुसलं तर पुसलं जाईल. मी करू की तुम्ही करता?

वियार्डा: हे खाली काय आहे? पान एवढं लांब कसं? यादी डिसेंबरात संपते.

वीत्स्का: तुम्ही घरी शेवटपर्यंत गेला नव्हतात?

वियार्डा: मार्चच्या पुढे कशाला जातोय मी?

वीत्स्का: डिसेंबरनंतर नुसत्या रिकाम्या ओळी आहेत. वीस... चाळीस... थांबा. अगदी तळाशी काहीतरी आहे. जन्मतारीख नाही, म्हणून फ्रेमवर दिसत नसणार. फाइल शेवटची बदललीय गेल्या वर्षी चौदा मार्चला. नळवाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

वियार्डा: वाच.

वीत्स्का: सुरुवातीलाच तुमचं नाव आहे. तुम्ही वाचा.

वियार्डा: चष्मा नाही आणला.

वीत्स्का: डोळ्यांवर आहे.

वियार्डा: वाच ना, पोरी.

वीत्स्का: "डाउवे, इथवर आलास म्हणजे कुणाकडून तरी कुलूप काढून घेतलं असशील. ओळ पुसण्याआधी मला विचार. मी नाही म्हणणार आहे. तरी विचार."

हार्म: वीत्स्का, तो स्क्रू—

वीत्स्का: नंतर, हार्म.

वियार्डा: तू काही सेव्ह केलंस?

वीत्स्का: नाही. कशालाच हात लावलेला नाही.

वियार्डा: मग बाहेर काढ ते.

वीत्स्का: कुलूप लावून देऊ परत?

वियार्डा: नको. उघडंच असू दे. तिला दिसू दे, की मला पुसता आलं असतं.

वीत्स्का: फॉर्मवर काय लिहू?

वियार्डा: काय लिहायचं ते लिही. किती वाजले?

वीत्स्का: पाचला दहा कमी.

वियार्डा: सहाला जेवतो आम्ही. जेवताना ती रेडिओ लावते, मग बोलणं होत नाही. त्याआधी पोचायला हवं.