पाच मायक्रॉन गरम तळवा

...तीन तास! वीतभरही नाही असा पोलादाचा एक दांडा मोजायला तीन तास, तुम्हाला सांगतो, एवढ्या वेळात माणूस लग्न ठरवून मोडूनसुद्धा मोकळा होतो, आणि मास्तर आपले चष्मा पुसत म्हणतात, "निवू दे."

मास्तर म्हणजे आमच्या कारखान्यातल्या मापनखोलीचे सर्वेसर्वा. तळघरातली बिनखिडकीची खोली, बारा महिने वीस डिग्रीवर राखलेली. आत एक जुनी लेथ आणि शेजारी लांबी मोजायचं यंत्र, दोन्ही माझ्या आजोबांच्या वयाची. असली आता कुणी बनवत नाही, असं मास्तर सांगतात, तेही आवाज खाली आणून, जणू यंत्रांचा डोळा लागलाय!

आणि मी? कॉलेजातून ताजा बाहेर पडलेला, चहासुद्धा उकळताच घशात ओतणारा, जीभ भाजली तरी चालेल पण थांबणं नाही. साहेब म्हणाले, "ते जुनं यंत्र तपास. चुकत असेल तर लिहून दे, भंगारात काढू, नवीन आणू." मी म्हटलं, वा, जग बदलायचंच आहे, सुरुवात तळघरापासून!

बरोबर शंभर मिलिमीटरचा, तपासणीसाठीच ठेवलेला दांडा मुठीत घेतला, धाडधाड जिने उतरलो, यंत्रावर ठेवला, भिंगाला डोळा लावला... पाच मायक्रॉन जास्त. पुन्हा पाहिलं, पाच. केस सत्तर मायक्रॉनचा असतो हो, पण या धंद्यात पाच म्हणजे दरोडा. लिहिला अहवाल, ठोकली सही, साहेबांनी शुक्रवारचा भंगाराचा ट्रकसुद्धा सांगितला.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "दांडा कसा आणलास?"

"हातातून. डोक्यावरून आणायचा होता का?"

"यंत्र पाच मायक्रॉन चुकत नाही रे बाळा. तुझा तळवा पाच मायक्रॉन गरम आहे. उबेनं पोलाद फुगतं. ठेव तिथे. निवू दे."

म्हटलं ठेवतो, पडू दे तोंडघशी म्हातारा. पण तीन तास करायचं काय? बघत बसलो. यंत्राच्या ओतीव पाठीवर बारीक चंद्रकोरी दिसल्या, हजारो. "हे नक्षीकाम कशाला?" तर मास्तर म्हणाले, "नक्षी कसली, हातानं खरवडलंय. रंग लावायचा, घासायचं, उंचवटा दिसला की खरवडायचा. पाठ सपाट होईपर्यंत. महिनोन्‌महिने."

महिनोन्‌महिने! कोण असेल तो? माझ्यासारखा घाईचा खास नसणार. त्यानं खरवडून खरवडून जे सरळ केलं, त्याचा मृत्युदाखला मी दहा मिनिटांत लिहिला होता...

तीन तासांनी मास्तरांनी मला हातमोजे दिले. मी दांडा चिमट्यानं उचलला, यंत्रावर ठेवला, भिंगाला डोळा लावला. शंभर. रेघेवर रेघ, तुम्हाला सांगतो, मध्ये उजेड शिरायला जागा नाही. अजून नीट दिसावं म्हणून दांड्यावर वाकलो, तशी थोड्या वेळानं ती रेघ हळूच सरकायला लागली.

"तोंड लांब कर," मास्तर म्हणाले. "तुझा श्वास मोजतंय ते."

माझा श्वास! आजवर कुणी एवढ्या बारकाईनं माझ्याकडे पाहिलं होतं? सख्ख्या आईनं नाही. मी मागे सरलो, गप उभा राहिलो, आणि रेघ सावकाश जागेवर परत आली. ती आल्यावरच मी वर साहेबांकडे गेलो.

"साहेब, अहवाल चुकलाय."

"सही तुझीच ना?"

"माझीच. यंत्र बरोबर आहे. मी पाच मायक्रॉन चुकलो."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की म्हटलं, शुक्रवारच्या ट्रकमध्ये आता आपण. नोकरी अजून कायम झालेली नाही, सांगायचं राहिलंच. शेवटी म्हणाले, "ट्रक रद्द. मास्तर वर्षअखेर निवृत्त होतायत. तोवर तू खाली बस आणि शीक."

बसलोय. सकाळी दांडे मांडायचे, मग तीन तास काहीही करायचं नाही. निवू दे. सवयच लागली हो, घरीसुद्धा चहा समोर ठेवून बघत बसतो. आई शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगते, "पोरगं शांत झालं बाई, नोकरी मानवली." आता तिला काय सांगू, मी कप वीस डिग्रीवर यायची वाट बघत असतो... आणि विसावर आलेला चहा, तुम्हाला सांगतो, अचूक असतो, पण घशाखाली उतरत नाही.