बर्फाची खिडकी

(स्टुटगार्ट, १९६५. श्रीपाद आणि मालिनी यांच्या घरी रविवारची जेवणं चालली आहेत. त्यांचा मित्र श्यामकांत शीतगृहं बांधणाऱ्या इथल्या कंपनीत आहे; एका दूरच्या बेटावर कंपनीनं उभारलेल्या नव्या हॉटेलच्या उद्घाटनाहून तो कालच परतला आहे.)

श्रीपाद : ...तू नुसता चिडतोयस. बरं, मला एवढंच सांग, हॉटेल व्हायच्या आधी त्या बेटावर कुणाला महिन्याचा पगार ठाऊक होता का?

श्यामकांत : नव्हता. आता आहे. पोरी चादरी धुतात, पोरगे पाहुण्यांच्या बॅगा उचलतात. मॅनेजर इथला, आचारी इथला, बटाटे इथले, लोणी इथलं. पिण्याचं पाणीसुद्धा इथून बाटल्यांतून जातं. बेटाचं म्हणशील तर ऊन तेवढं बेटाचं.

श्रीपाद : आणि रस्ता? वीज? माझा सगळा प्रबंध त्यावरच उभा आहे. बाहेरचं भांडवल एकदा आलं की बाकीचं त्याच्या पाठोपाठ येतं.

श्यामकांत : रस्ता विमान उतरतं तिथून हॉटेलच्या दारापर्यंत आहे. गाव त्याच्या पुढे. तिथे आपली वाळूच. विजेच्या तारा गावाच्या डोक्यावरून जातात, खाली उतरत नाहीत. तू एकदा जाऊन बघ, मग लिही काय लिहायचं ते.

मालिनी : अहो, त्यांना दोन घास खाऊ द्या ना. भावोजी, मासा घ्या. मी पुण्याची, तुमच्या मालवणसारखा नाही जमायचा, पण आमसुलं घातलीत.

श्यामकांत : घेतो, वहिनी.

मालिनी : आणि ती खिडकी? जाण्याआधी तुम्ही अगदी हौसेनं सांगत होतात. झाली का ती?

श्यामकांत : झाली ना. माझ्या नकाशाप्रमाणे, बंदराच्या बाजूला, हात पोचेल एवढ्या उंचीवर. आता तिथून पाहुण्यांना आइस्क्रीम विकतात.

श्रीपाद : कसली खिडकी?

श्यामकांत : तुला नाही कळायची. आमच्या मालवणला रापणीला, किनाऱ्यावरून ओढायच्या त्या मोठ्या जाळ्याला, बांगडा लागला की एवढा लागायचा की घेणार कोण? बर्फ नाही. उन्हं कलेपर्यंत वास सुटायचा. मग बाबा आणि आम्ही सगळी पोरं खड्डे खणायचो आणि माडांच्या मुळाशी तो मासा खत म्हणून पुरायचो. ताजा धरलेला मासा, श्रीपाद. घरात त्याच दिवशी पेज. मी बर्फाचं शास्त्र शिकायला इथवर आलो तो काही हौसेनं नाही आलो.

मालिनी : म्हणून हॉटेलच्या शीतगृहातून कोळ्यांना बर्फ द्यायचा, असंच ना?

श्यामकांत : असंच. हॉटेलला लागेल त्याच्या दुप्पट शीतगृह काढलं मी. निम्मा बर्फ होड्यांसाठी. खिडकीतून बर्फ बाहेर जाईल, मागच्या दारानं मासा आत येईल. डायरेक्टरनं पाठ थोपटली माझी. फार माणुसकीचा विचार आहे म्हणाला.

श्रीपाद : गेनाऊ, अगदी बरोबर. मग बिघडलं कुठे?

श्यामकांत : दुप्पट केलं तिथेच. एवढी जागा बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की रोज किनाऱ्यावर कशाला जायचं? इथल्या ब्रेमरहाफेन बंदरातून गोठवलेला मासा बोटीनं आणून भरून ठेवला की झालं. लहान बांधलं असतं तर झक मारत कोळ्यांच्या दारात उभे राहिले असते. माफ करा, वहिनी. मालवणचा माणूस, बर्फ दिसला की मला वाटलं जेवढा जास्त तेवढा चांगला.

श्रीपाद : हे बघ, कंपनीलाही हिशेब असतो. रोजच्या माशाचा भरवसा नसतो.

श्यामकांत : भरवसा. उद्घाटनाच्या दिवशी मी मागच्या दाराशी होतो. फिलिपा म्हणून एक बाई, माझ्या आईच्या वयाची. जागा बघायला गेलो होतो तेव्हा तिच्याच ओट्यावर बसून मी खिडकीचं सांगितलं होतं. ती टोपली घेऊन आली होती. बांगडाच होता. डोळे असे लख्ख. आतून पांढऱ्या एप्रनमधली एक मुलगी आली आणि हळूच म्हणाली, आई, इथे येऊ नकोस, वासाची तक्रार होते.

मालिनी : आई?

श्यामकांत : तिचीच मुलगी. तुझ्या प्रबंधातली पगारवाली, श्रीपाद. आईला परत पाठवलं आणि आत जाऊन गोठवलेला मासा वाढायला लागली. होड्याही हलवल्यात आता, बेटाच्या मागच्या बाजूला. पाहुण्यांच्या खिडक्यांतून बऱ्या दिसत नाहीत म्हणे.

श्रीपाद : पण त्या मुलीच्या पगारावर घर चालतंय ना? ते तू मोजणार की नाही?

श्यामकांत : मोजतो. पूर्वी त्या घरात आई, बाप, मुलगी तिघं मिळवत होती, आता मुलगी एकटी मिळवते, आणि तिनं मान खाली घातली की सगळ्यांनी घालायची. याला तू लाभ म्हणतोस. माझ्या तोंडात नाही बसत तो शब्द.

मालिनी : फिलिपा काही बोलली का तुम्हाला?

श्यामकांत : नाही. टोपलीवरचं फडकं नीट केलं आणि माझ्याकडे बघून हसली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आत मला पाहुणा म्हणून बसवलं होतं, समोर लिंबू लावलेला मासा. वहिनी, हा मासा कुठला?

मालिनी : बाजारातला. ब्रेमरहाफेनचाच असेल. इथे दुसरा कुठला मिळणार?

श्यामकांत : इथे नाही मिळत, ते ठीक आहे.

श्रीपाद : बरं, ते असो. उद्या तुला दुसऱ्या बेटाच्या शीतगृहाचं उत्तर द्यायचंय. कायमची नोकरी आहे. कंपनीचं घर आहे. सुरेखावहिनींना मालवणहून आणता येईल म्हणून दोन वर्षं तू त्याचीच वाट बघतोयस. रागाच्या भरात काही बोलू नकोस.

श्यामकांत : बोलणार आहे. या वेळी शीतगृह लहान काढीन, दोन दिवसांच्या माशापुरतं. आणि मासा किनाऱ्यावरूनच घ्यायचा हे करारात घाला म्हणेन. नुसतं नकाशावर नको.

श्रीपाद : ते ऐकायचे नाहीत. दुसरा माणूस घेतील.

श्यामकांत : घेऊ देत.

मालिनी : आणि सुरेखा, भावोजी? तिला कसं समजावणार?

श्यामकांत : तिला नाही समजवावं लागायचं, वहिनी. तिचे वडील अजून बांगडा माडाखाली पुरतात.