तळ्यातलं बदक

पुरे व्याहीबुवा, आता पुरे— नाही नाही, हात आखडता घेत नाही हो, तुमच्या पोटाच्या काळजीनं म्हणतोय! कोहळा घातलेलं बदक जड जातं. त्यापेक्षा हे मिठाचं कोमट पाणी घ्या— एका दमात घ्या. उलटी? झाली तर बरंच की! आमच्या मायोंग गावाची रीतच आहे— म्हणजे आमच्या घरची. सोयरीक ठरली की पाहुण्यानं आधी— प्या ना!

हो, तळ्यातलंच बदक. सकाळी तुम्ही पाहिलीत ना, त्यातलंच. मी तुमच्यासाठी पान-सुपारी आणायला घाटावर गेलो, तेवढ्यात ताईनं धरलं. मी घरात असतो तर मानेला हात लावू दिला असता का? नाही, म्हणजे, अंड्यावरचं होतं ते. विहीणबाई म्हणाल्या ना, ज्यांच्या तळ्यात बदकं नाहीत त्या घरची सून नको— आणि आमची तर पुरात गेली— काही गेली हो, काही आहेत. ही काय समोर!

मंत्र? आता कुठं मंत्राचं काढताय... हो, बेज आहे मी, मांत्रिकच म्हणा, बापजाद्यांकडून आलेलं थोडंफार येतं. वस्तूचं जनावर होतं, खरंय. दिवेलागणीला आपोआप पुन्हा वस्तू होते. आणि करणाऱ्यानं मूळ वस्तूचं नाव तोंडातून काढलं, तर तिथल्या तिथे होते. म्हणून तर घरच्यांनाही सांगता येत नाही— ताईला बिचारीला काय माहीत! काय माहीत म्हणजे... प्या हो ते पाणी, पाया पडतो तुमच्या. ऊन बघा, पोफळीच्या शेंड्यावर गेलं, दिवेलागण होईल आता.

अहो, उठलात का? बसा! चार घास जास्त खाल्ले म्हणून ओकायला लावतोय, असं वाटलं तुम्हाला? लग्न मोडता? मोडू नका हो, माझी पोर तराली आत मागावर बसलीय, तुमच्याच मुलासाठी मानाचा गामोसा, पंचा हो, विणतेय. ऐका तरी— कंजूष नाही मी, घाबरलोय! तुम्ही खाल्लंत ते बदक नव्हतंच, नदीतला गोटा—

नाही. नाही नाही, मी काही बोललो नाही. व्याहीबुवा, पोट का धरलंत? बसा... असे, माझ्या खांद्यावर... तराली, बाहेर येऊ नकोस!

मोडलं म्हणा लग्न. शिव्या द्या मला. काहीतरी बोला हो.